वाचकाचा अंगठा थांबतो तिथे जाहिरात: मराठी वेबसाइटचं उत्पन्न जागा बदलून कसं वाढवायचं

नागपुरात आणि आसपास छोट्या मराठी वेबसाइट चालवणारी मंडळी बरीच आहेत. कुणी काटोल-नरखेडच्या संत्रा बागायतदारांसाठी लिहितं, कुणी सरकारी नोकरभरतीच्या सूचना एका ठिकाणी आणतं, कुणी सावजी मसाल्याच्या पाककृती देतं. या सगळ्यांची कुरकूर एकच असते. वाचक येऊन राहिले, पण अ‍ॅडसेन्सचा, म्हणजे गुगलच्या जाहिरातींतून मिळणाऱ्या पैशांचा, आकडा काही हलून नाही राहिला. मग उपायही ठरलेला, पानावर अजून दोन जाहिराती ठोकायच्या. आठवडाभर आकडा थोडा वर जातो, मग वाचक कमी होतात आणि आकडा पुन्हा जागेवर येतो.

जाहिरातींची संख्या न वाढवता, बऱ्याचदा ती कमी करूनही, फक्त जागा नीट निवडून उत्पन्न वाढवता येतं. त्यासाठी दोन सवयी लागतात. पहिली, वाचक पानावर कुठे थांबतो हे बघून जाहिरात तिथे ठेवायची. दुसरी, फायदा झाला की तोटा हे एका पानावरून न ठरवता वाचकाच्या पूर्ण भेटीवरून ठरवायचं. या लेखात हेच क्रमाने सांगितलं आहे. उदाहरणं अ‍ॅडसेन्सची घेतली आहेत, कारण आपल्याकडे बहुतेकांचं खातं तिथेच असतं. मराठी भाषेतल्या साइटना अ‍ॅडसेन्सने २०१८ पासून अधिकृतपणे स्वीकारायला सुरुवात केली, त्यामुळे आता इंग्रजी पानांचा आडोसा घेण्याची गरज राहिलेली नाही.

आधी पैसे कशाचे मिळतात ते समजून घ्या

क्लिक मिळाली तरच पैसे, ही समजूत अजून बरीच पक्की आहे. २०२४च्या सुरुवातीपासून अ‍ॅडसेन्स प्रकाशकाला, म्हणजे साइटच्या मालकाला, क्लिकवर न देता जाहिरात दाखवण्यावर, म्हणजे इम्प्रेशनवर पैसे देतं. जाहिरात खरेदी करणाऱ्या यंत्रणेचं शुल्क वजा जाता उरलेल्या रकमेतले ८० टक्के प्रकाशकाचे. जाहिरातदार गुगल अ‍ॅड्समधून आला असेल तर एकूण हिशेबात ते साधारण ६८ टक्के पडतात. क्लिकचं महत्त्व संपलं असं यातून समजू नका. जाहिरातदार बोली लावताना आपल्याला काय मिळतं ते बघतोच. पण ‘चुकून का होईना, बोट लागलं पाहिजे’ या हिशेबाने जागा निवडण्यात आता काही अर्थ उरलेला नाही.

जाहिरात दिसली असं कधी म्हणायचं, याचा एक मान्य निकष आहे. जाहिरातीचा निम्मा भाग सलग एक सेकंद पडद्यावर राहिला, तर ती ‘पाहण्याजोगी’ धरतात. अ‍ॅडसेन्सच्या अहवालात ‘अ‍ॅक्टिव्ह व्ह्यू’ या नावाने दिसते ती हीच टक्केवारी. पानाच्या तळाशी लावलेली आणि दहातल्या आठ जणांनी न पाहिलेली जाहिरात अहवालात इम्प्रेशन म्हणून मोजली जाऊ शकते. पण अशा जागेवर जाहिरातदार हळूहळू कमी बोली लावतात. म्हणून पुढच्या सगळ्या पायऱ्यांमध्ये नजर या टक्केवारीवर ठेवायची आहे.

मोजमाप मांडा, मगच हात लावा

सुरुवातीला प्रत्येक जागेसाठी अ‍ॅडसेन्समध्ये वेगळं युनिट, म्हणजे जाहिरातीचा वेगळा कोड, तयार करा आणि नावात जागा लिहा: ‘मोबाइल-उत्तराखाली’, ‘मोबाइल-मध्य-१’, ‘डेस्कटॉप-उजवा-रकाना’. एकच युनिट पाच ठिकाणी चिकटवलं असेल तर कोणती जागा कमावते आणि कोणती नुसती पान अडवते हे कधीच कळणार नाही. छोट्या साइटवर हा प्रकार हमखास दिसतो. दुरुस्तीला अर्धा तास पुरतो.

त्याच बैठकीत अ‍ॅड्स डॉट टीएक्सटी (तुमच्या साइटवरच्या जाहिराती कोण विकू शकतं ते सांगणारी फाइल) या फाइलबद्दल खात्यात काही इशारा दिसतो का ते बघा. दिसत असेल तर तो आधी मिटवा, कारण ती फाइल चुकलेली असताना जागेच्या प्रयोगांचे आकडे कामाचे नसतात.

यानंतर किमान दोन पूर्ण आठवडे काहीही बदलू नका. या काळात तीन आकडे वहीत उतरवा: प्रत्येक युनिटचा अ‍ॅक्टिव्ह व्ह्यू, हजार पानांमागचं उत्पन्न म्हणजे पेज आरपीएम, आणि एका भेटीत वाचक सरासरी किती पानं बघतो. पहिले दोन अ‍ॅडसेन्समध्ये मिळतात, तिसरा गुगल अ‍ॅनालिटिक्समध्ये. मोबाइल आणि डेस्कटॉपचे आकडे वेगळे ठेवा. आपला बहुतेक वाचक फोनवर असतो, पण साइटचा मालक मात्र लॅपटॉपवर बसून जागा ठरवतो. अर्ध्या चुका इथेच होतात.

तिसरा आकडा कशाला लागतो? समजा, जुन्या मांडणीत हजार पानांमागे ४० रुपये मिळत होते आणि वाचक एका भेटीत २ पानं बघत होता. म्हणजे हजार भेटींमागे ८० रुपये झाले. नव्या मांडणीत हजार पानांमागे ५० रुपये मिळू लागले, पण वैतागून वाचक सरासरी १.४ पानांवरच निघून जाऊ लागला. हजार भेटींमागे ७० रुपयेच उरले. पेज आरपीएम पाहणारा खूश होईल आणि खिशात मात्र कमी पडेल.

बँकेत आलेल्या रकमेवरून तर अंदाज बांधूच नका. १०० डॉलर जमल्याशिवाय पैसे निघत नाहीत, आणि निघतात तेही पुढच्या महिन्याच्या २१ तारखेनंतर. छोट्या साइटला तो टप्पा गाठायला कधी कधी काही महिने जातात. आलेली रक्कम नेमक्या कोणत्या बदलामुळे आली हे तोवर कुणाच्या लक्षात राहणार?

वाचक कुठे थांबतो?

सगळ्या पानांवर जाहिरातीची एकच मांडणी लावणं सोयीचं असतं. पण प्रत्येक प्रकारच्या पानावर वाचक वेगळ्या ठिकाणी थांबतो. तुमच्या साइटवरच्या पानांचे तीन-चार प्रकार पाडा आणि प्रत्येकाचा वेगळा विचार करा.

कळमना बाजारातल्या संत्र्याच्या भावाचं पान घ्या. वाचक तिथे एकाच कामासाठी येतो, आजचा दर. दर दिसला की तो दहा-वीस सेकंद आकड्यांवर थांबतो, कालच्या दराशी ताडून बघतो आणि निघतो. अशा पानावर चौथ्या-पाचव्या परिच्छेदानंतरची जाहिरात कुणी बघत नाही, कारण तिथपर्यंत कुणी जातच नाही. इथे एकच जागा खरी कमाईची, दराच्या तक्त्याला लागून खाली. तक्ता वाचत असताना जाहिरात आपसूक पडद्यावर राहते. दर खाली ढकलून वर जाहिरात लावली तर वाचक ती सरकवत पुढे जातो, म्हणजे दिसण्याचा वेळही गेला आणि वाचकाचा जीवही कातावला.

संत्र्याच्या आंबिया बहरासाठी, म्हणजे हिवाळ्यातल्या फुलोऱ्यासाठी, झाडाला पाण्याचा ताण देण्यावरचा लांब लेख याच्या उलट. वाचक बागायतदार असतो, त्याला पाणी कधी तोडायचं, किती दिवस ताण द्यायचा, पुन्हा पाणी कसं सुरू करायचं हे सगळं हवं असतं. तो सावकाश वाचतो, मध्ये थांबतो, मागे जाऊन पुन्हा वाचतो. अशा लेखात एक मुद्दा संपून दुसरा सुरू होतो ती सांध्याची जागा उत्तम, म्हणजे उपशीर्षकाच्या अगदी आधीची. वाक्य चालू असताना मध्येच जाहिरात आली की लय तुटते. मुद्दा संपल्यावर डोळा तसाही क्षणभर विसावतो.

पाककृतीच्या पानावर साहित्याची यादी आणि कृती यांच्यामध्ये हमखास थांबा असतो. सावजी रस्सा करणारा माणूस फोन ओट्यावर ठेवून यादी वाचतो, डबे काढतो, परत फोनकडे बघतो. यादी संपते तिथली जाहिरात बराच वेळ पडद्यावर राहते. मात्र कृतीच्या टप्प्यांमध्ये जाहिरात घुसवू नका. हाताला तिखट-तेल लागलेलं असताना पडदा सरकवायला लावणाऱ्या पानाकडे तो पुन्हा फिरकत नाही.

नोकरभरतीच्या पानांवर वाचक दोन ठिकाणी थांबतो: पात्रतेचा तक्ता आणि शेवटची तारीख. पहिली जाहिरात पात्रतेच्या तक्त्याखाली आणि हवीच असेल तर दुसरी तारखांच्या खाली, एवढंच पुरे. या पानांचा एक वेगळा धोका आहे, तो पुढे येईल.

हे थांबे अंदाजाने ठरवायची गरज नाही. मायक्रोसॉफ्टचं क्लॅरिटी हे साधन फुकट आहे. पानाच्या कोणत्या उंचीपर्यंत किती टक्के वाचक पोचतात हे ते रंगांच्या नकाशात दाखवतं, आणि वाचकाने पान कसं सरकवलं याची नोंदही चालवून बघता येते. ते बसवून आठवडाभर थांबा. तेही नको असेल तर घरातल्या, ओळखीतल्या चार जणांच्या हातात त्यांचाच फोन द्या, एखादी माहिती शोधायला सांगा आणि शेजारी गप्प बसून अंगठा कुठे थांबतो ते बघा. फक्त त्यांना जाहिरातीवर बोट लावू देऊ नका. अशा क्लिक खात्याच्या मुळावर येतात.

पहिली जागा

पानाच्या अगदी वर, शीर्षकाच्याही आधी जाहिरात लावली की ती सगळ्यांना दिसणार, असं वाटतं. प्रत्यक्षात वाचक पान उघडताच खाली सरकतो आणि ती जाहिरात पुरती लोड होईपर्यंत पडद्याबाहेर गेलेली असते. गुगलने २०१४ साली जाहिरातींच्या दृश्यतेवर केलेल्या अभ्यासातही सर्वांत जास्त पाहिली जाणारी जागा पानाच्या माथ्यावर न सापडता पहिल्या पडद्याच्या तळाशी सापडली होती.

म्हणून मोबाइलवर हा क्रम ठेवून बघा: शीर्षक, दोन-तीन ओळींत थेट उत्तर किंवा सार, आणि त्याखाली ३०० बाय २५० किंवा ३३६ बाय २८० पिक्सेल आकाराची पहिली जाहिरात. पान उघडल्यावर जाहिरातीचा वरचा काठ पडद्याच्या तळाशी दिसला पाहिजे. वाचक सार वाचतो तोवर ती लोड होते आणि तो पुढे सरकतो तेव्हा पूर्ण डोळ्यांसमोर येते. मोबाइलच्या पहिल्या पडद्यावर ३०० बाय २५० लावायला पूर्वी मनाई होती, ती २०१७ मध्ये शिथिल झाली. पण मजकूर खाली ढकलून पहिला पडदा जाहिरातीनेच भरून टाकायची मुभा आजही नाही.

इंग्रजी साइटसाठी लिहिलेले ‘दर दोनशे शब्दांनी एक जाहिरात’ असले नियम आपल्याला लागू पडत नाहीत. देवनागरीला वर वेलांट्या-मात्रा आणि खाली उकार असल्याने ओळीची उंची जास्त ठेवावी लागते, आणि तेवढाच मजकूर फोनवर जास्त जागा घेतो. शब्द न मोजता पडदे मोजा. स्वस्तातल्या एखाद्या अँड्रॉइड फोनवर पान उघडा आणि अंगठ्याच्या किती फटकाऱ्यांनंतर पुढची जाहिरात येते ते बघा.

मधल्या जागा आणि ३० टक्क्यांची मर्यादा

अ‍ॅडसेन्सने एका पानावर तीनच जाहिरातींची अट २०१६ मध्ये काढून टाकली. त्याचा अर्थ कितीही लावा असा अनेकांनी काढला. मजकुरापेक्षा जाहिराती जास्त दिसता कामा नयेत हा नियम कायम आहे, आणि त्याहून काटेकोर मोजपट्टी ‘कोअलिशन फॉर बेटर अ‍ॅड्स’ या संस्थेची आहे. तिच्या मानकांनुसार मोबाइलवर मुख्य मजकुराच्या भागात जाहिरातींची एकूण उंची ३० टक्क्यांच्या वर गेली की ते पान त्रासदायक ठरतं. ही मानकं वारंवार मोडणाऱ्या साइटवरच्या जाहिराती क्रोम ब्राउझर थेट गाळून टाकतो. हे जगभर ९ जुलै २०१९ पासून लागू आहे. मोबाइलवर बहुतेक जण क्रोमच वापरतात, तेव्हा हा नियम विनोदाने घेण्यासारखा नाही.

हिशेब सोपा आहे. फोनवर लेखाच्या भागाची एकूण उंची ४००० पिक्सेल असेल आणि त्यात २५० उंचीच्या ४ जाहिराती असतील, तर १००० भागिले ४०००, म्हणजे २५ टक्के. त्याच ४००० मध्ये पाच बसवल्या की ३१ टक्क्यांच्या वर गेलात. चिकटून राहणारी पट्टीही या हिशेबात धरली जाते, शिवाय ती पडद्याच्या ३० टक्क्यांहून मोठी असता कामा नये.

मर्यादेच्या आत असलं म्हणजे तेवढ्या जाहिराती लावायलाच हव्यात असंही नाही. सर्वांत कमी अ‍ॅक्टिव्ह व्ह्यू असलेलं युनिट काढून टाका, हा माझ्या मते सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात कमी केला जाणारा प्रयोग आहे. २० टक्क्यांच्या खाली रेंगाळणारं युनिट गेल्याने सहसा फार काही बुडत नाही. पान हलकं होतं, उरलेल्या जागा लवकर लोड होतात आणि बऱ्याचदा त्यांचा भावही सुधारतो.

लेख संपतो ती जागा बरेच जण वाया घालवतात. तिथपर्यंत पोचणारे वाचक थोडे, पण पोचलेला माणूस पुढे काय करावं या विचारात असतो. तिथे आधी संबंधित लेखांचे दुवे द्या आणि त्याखाली जाहिरात. क्रम उलटा केलात तर एका भेटीतल्या पानांची संख्या खाली येते, आणि ते नुकसान जाहिरातीच्या कमाईतून भरून निघत नाही.

डेस्कटॉपबद्दल थोडक्यात. उजव्या रकान्यात १६० बाय ६०० किंवा ३०० बाय ६०० अशी उभी जाहिरात आडव्या पट्टीपेक्षा जास्त वेळ पडद्यावर राहते. ७२८ बाय ९० ची पट्टी माथ्यावर लावायची सवय जुनी आहे. हवी तर लेखाच्या सांध्यात लावा.

खाली चिकटणारी पट्टी आणि मधले पडदे

फोनच्या तळाशी चिकटून राहणारी अँकर जाहिरात ही छोट्या साइटसाठी बरी सोय आहे. ती मजकूर ढकलत नाही, वाचकाला बंद करता येते आणि दिसतही राहते. ती अ‍ॅडसेन्सच्या ऑटो अ‍ॅड्समधून, म्हणजे जाहिराती आपोआप लावणाऱ्या सोयीतून, सुरू करा. स्वतः कोड लिहून साधं युनिट चिकटवायला गेलात तर नियमभंगाच्या वाटेला लागाल. तुमच्या साइटची स्वतःचीच तळपट्टी असेल, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपचं बटण वगैरे, तर दोन्ही एकमेकांवर चढत नाहीत ना ते आधी तपासा.

एका पानावरून दुसऱ्या पानावर जाताना पूर्ण पडदा व्यापणारी व्हिन्येट जाहिरात पैसे चांगले देते. पण बाजारभावासारख्या पानांवर, जिथे वाचक रोज येतो, तिथे मी ती बंद ठेवीन. रोज येणारा वाचक ही अशा साइटची खरी मिळकत असते. लांब लेखांवर ती चालू शकते, वारंवारता कमी ठेवून.

ऑटो अ‍ॅड्सवर सगळंच सोडून देणं हा आळशी पण वाईट नसलेला मार्ग आहे. सोडायचंच असेल तर जाहिरातींचं प्रमाण ठरवणारी पट्टी मधोमध किंवा त्याखाली ठेवा, आणि वगळायच्या जागांमध्ये मेनू, तक्ते, अर्जाचे दुवे नीट खूण करून टाका. मला हाताने बसवलेली दोन-तीन युनिट आणि ऑटो अ‍ॅड्समधली फक्त अँकर, ही जोडी जास्त आवडते.

जागा राखून ठेवा, पान उडी मारू देऊ नका

वाचता वाचता अचानक मजकूर खाली सरकतो, कारण वर जाहिरात उगवलेली असते. हा त्रास मोजण्यासाठी गुगलचा सीएलएस नावाचा निकष आहे. ०.१ किंवा कमी म्हणजे चांगलं, ०.२५ च्या वर म्हणजे वाईट. पेजस्पीड इनसाइट्समध्ये आपल्या पानाचा पत्ता टाकला की आकडा दिसतो.

उपाय असा: जाहिरातीच्या चौकटीला किमान उंची आधीच देऊन ठेवा. ३०० बाय २५० ची जाहिरात आणि वर छोटं लेबल असेल तर साधारण २८० पिक्सेल. रिस्पॉन्सिव्ह, म्हणजे पडद्यानुसार आकार बदलणारं, युनिट किती उंच येईल हे आधी सांगता येत नाही, म्हणून निदान पहिल्या जागेसाठी मोबाइलवर ठरावीक आकाराचं युनिट वापरा. एखादे वेळी जाहिरात आली नाही तर चौकट रिकामी राहील. ती मिटवून टाकायचा मोह आवरा, नाहीतर मजकूर वर उडी मारेल.

मराठी साइटवर उडी मारण्याचं अजून एक कारण असतं, ते म्हणजे फाँट. जोडाक्षरांमुळे देवनागरी फाँटच्या फाइल रोमन फाँटपेक्षा मोठ्या असतात. आधी फोनमधल्या फाँटमध्ये मजकूर दिसतो, मग मुक्ता किंवा नोटोसारखा वेबफाँट उतरतो आणि सगळ्या ओळी जागा बदलतात. पहिल्या पडद्याच्या तळाशी मोजून लावलेली जाहिरात मग खाली घसरते. एकच जाडी ठेवा, फार तर दोन. किंवा वेबफाँटच काढून फोनचा फाँट राहू द्या. वाचकाचं काहीएक बिघडत नाही.

या जागा टाळाच

मेनूला चिकटून, पुढचं-मागचं पान या बटणांच्या मध्ये, व्हिडिओच्या प्ले बटणाजवळ, फोटोंच्या रांगेला समांतर: या ठिकाणी जाहिरात लावली तर चुकून लागणाऱ्या क्लिक वाढतात. गुगलच्या यंत्रणेला त्या कळतात. प्रमाण वाढलं तर त्या जागेवर दुहेरी क्लिक लागू होते, म्हणजे वाचकाने एकदा दाबल्यावर पुन्हा खात्री विचारली जाते आणि कमाई धाडकन खाली येते. पुढची पायरी म्हणजे जाहिराती मर्यादित होणं किंवा खातं जाणं.

भरतीच्या साइटवाल्यांनी इथे खास लक्ष द्यावं. आपल्याकडे भरतीच्या अधिसूचनेलाच ‘जाहिरात’ म्हणतात आणि पानावर ‘जाहिरात पाहा’ असं बटण असतं. त्याच्याच वर किंवा खाली ‘जाहिरात’ असं लेबल लावलेलं गुगलचं युनिट आलं, तर पोरं तीच भरतीची पीडीएफ समजून दाबतात. बटणावर ‘अधिसूचना डाउनलोड करा’ असं लिहा, युनिटवर ‘प्रायोजित लिंक’ लिहा आणि दोन्हींमध्ये किमान एक परिच्छेद राहू द्या. ‘महत्त्वाच्या लिंक’ किंवा ‘आजच्या ऑफर’ असली लेबलं युनिटवर लावायला मनाई आहे. ‘आम्हाला मदत म्हणून जाहिरातीवर क्लिक करा’ असं कुठेही, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरसुद्धा, लिहू नका.

प्रयोग कसा चालवायचा

एका वेळी एकच बदल. पहिली जागा हलवली असेल तर त्याच आठवड्यात अँकर सुरू करू नका. ऑटो अ‍ॅड्सच्या बदलांसाठी अ‍ॅडसेन्समध्येच प्रयोगाची सोय आहे, ती वाचकांचे दोन भाग करून दोन्ही मांडण्या एकाच वेळी चालवते. हाताने बसवलेल्या युनिटसाठी आठवडे आलटून पालटून वापरा: एक आठवडा जुनी मांडणी, एक आठवडा नवी, पुन्हा जुनी, पुन्हा नवी. आठवडा पूर्णच धरा, कारण रविवारचा वाचक आणि मंगळवारचा वाचक सारखा नसतो.

आता नागपूरच्या साइटना हंगाम फार छळतात. संत्र्यावर लिहिणाऱ्यांकडे आंबिया बहराच्या ताणासाठी डिसेंबरात आणि मृग बहरासाठी मे महिन्यात वाचक वाढतो. राजकीय बातम्यांच्या साइटवर हिवाळी अधिवेशनात झुंबड असते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीची मिरवणूक शोधणारे बाहेरगावचे वाचक येतात, दसऱ्याला दीक्षाभूमीची माहिती शोधणारे. या काळात वाचकच वेगळा असतो. त्यावर दिवाळीच्या आधी जाहिरातदार जास्त बोली लावतात आणि जानेवारीत हात आखडतात. ऑक्टोबरातल्या नव्या मांडणीची तुलना ऑगस्टातल्या जुनीशी केली तर नवी जिंकणारच, ती कशीही असो. म्हणून असे आठवडे प्रयोगातून सरळ वगळा.

दिवसाला दोन-चारशे वाचक असलेल्या साइटवर उत्पन्नाचा आकडा फार उड्या मारतो. विम्याची किंवा कर्जाची एखादी महाग जाहिरात आली की आठवडा उजळून निघतो आणि श्रेय मात्र नव्या जागेला मिळतं. अशा साइटने निर्णय अ‍ॅक्टिव्ह व्ह्यू आणि एका भेटीतल्या पानांवर घ्यावा. हे दोन आकडे थोड्या वाचकांतही लवकर स्थिरावतात. पहिला वाढला आणि दुसरा पडला नाही, तर बदल ठेवा. पहिला वाढून दुसरा पडला, तर हजार भेटींचा हिशेब करा. दोन्ही जागच्या जागी असतील तर वाचकाला कमी त्रास देणारी मांडणी ठेवा आणि पुढच्या बदलाकडे वळा.

उत्तम जागा थेट विका

एवढं करून झालं की तुमच्या हातात एक कामाची गोष्ट येते: कोणत्या जागेवर महिन्याला किती वाचकांची नजर पडते, याचा खरा आकडा. तो घेऊन स्थानिक जाहिरातदाराकडे जाता येतं. बर्डीच्या मेन रोडवरचा ओटा आणि गल्लीतला ओटा यांचं भाडं जसं सारखं नसतं, तसंच इथेही.

समजा, संत्र्याच्या लेखांना मिळून महिन्याला २०,००० पानदर्शनं आहेत आणि उत्तराखालच्या जागेचा अ‍ॅक्टिव्ह व्ह्यू ६० टक्के आहे. म्हणजे १२,००० वेळा जाहिरात खरोखर दिसते. अ‍ॅडसेन्स त्या जागेला हजार इम्प्रेशनमागे २५ रुपये देत असेल तर महिन्याचे ५०० रुपये होतात. वरूड तालुक्यातल्या शेंदुरजना घाटच्या एखाद्या रोपवाटिकेला, किंवा ठिबक संचाच्या विक्रेत्याला, बागायतदारांच्याच नजरेत १२,००० वेळा येण्याची किंमत यापेक्षा कितीतरी जास्त वाटू शकते. बोलणी ५०० च्या तिपटीपासून सुरू करायला हरकत नाही. लागवड पावसाळ्यात होते, म्हणून रोपवाटिकेला मे-जूनच्या जागा एप्रिलमध्येच दाखवा. कोचिंग क्लासवाल्यांना भरतीच्या पानांवरची पात्रतेच्या तक्त्याखालची जागा परीक्षा जाहीर होण्याच्या सुमारास विकली जाते.

विकताना महिना किंवा हंगाम या मापाने विका. क्लिकच्या किंवा ग्राहकांच्या संख्येची हमी देऊ नका. फोन उचलला गेला की नाही हे तुमच्या हातात नसतं. चित्र ३०० बाय २५० मध्ये, हलकं करून घ्या, त्यावर ‘जाहिरात’ असं स्पष्ट लिहा आणि दुव्याच्या एचटीएमएल कोडमधल्या रिल (rel) गुणधर्मात ‘स्पॉन्सर्ड’ (sponsored) द्या, नाहीतर गुगल शोध त्याला विकत दिलेला दुवा समजून साइटवर राग काढू शकतं. अ‍ॅडसेन्स चालू असताना थेट जाहिरात लावायला मनाई नाही, फक्त ती गुगलच्या जाहिरातीसारखी सजवलेली नको.

एका वेळी एकच जागा थेट विका, बाकी अ‍ॅडसेन्सकडे राहू द्या. करार संपला की त्या जागेवर अ‍ॅडसेन्सचं युनिट आपोआप परत येईल अशी तारीख आधीच लावून ठेवा. वर्डप्रेसवर अ‍ॅड इन्सर्टरसारख्या प्लगइनमध्ये ही सोय आहे. ब्लॉगर वापरत असाल तर फोनच्या कॅलेंडरमध्ये आठवण लावा, नाहीतर संपलेल्या हंगामाची रोपं विकणारी जाहिरात दिवाळीपर्यंत फुकट चालत राहते.